पिस्तूल सुस्थितीत आढळले

या अंकाचे संपादक सहा-सात वर्षांपासून माझ्याकडं लेख मागताहेत. "जमादार, तुमच्या शस्त्रागारातल्या गमती लिहा की," असं दर वर्षी म्हणतात. आमच्याकडं हवालदाराला अजून जमादारच म्हणतात, निजामाच्या वेळचा शब्द आहे. मी दर वर्षी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. एकदा डोळ्याचं ऑपरेशन होतं, एकदा नातीचं लग्न. दोन्ही खरं होतं, पण न लिहिण्याचं कारण ते नव्हतं. गमती लिहायला बसलो की चार ओळींत मी एका पिस्तुलापाशी येत होतो, आणि तिथं गंमत संपत होती.

यंदा मी आपण होऊन लिहायला घेतलं. ज्यांच्यासाठी लिहायला हवं होतं ते आता वाचू शकत नाहीत. तरी लिहितो. शस्त्रागार कुठलं, ठाणं कुठलं, ते सांगत नाही. चूक त्या जागेची नव्हती. चूक करणारा मी एकटा होतो आणि माझं नाव लेखाखाली आहे.

मी आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे पोलिसांची हत्यारं सांभाळणारा. हत्यार चालवणारे फौजदार, शिपाई वेगळे. ते नीट चालेल की नाही हे बघणारा मी. लोकांना वाटतं या कामात फार कारागिरी असते. खरं सांगायचं तर निम्मं काम पुसणं आणि उरलेलं निम्मं तेल देणं. शिवणयंत्राला तेल देणाऱ्या बाईला जे कळतं, तेच मला कळत होतं. फरक एवढाच की तिचं यंत्र अडलं तर झंपर राहतो.

नवीन पोरं यायची तेव्हा मी त्यांना पहिलं वाक्य सांगायचो: तेल बोटाला कळलं पाहिजे, डोळ्याला दिसता कामा नये. पिस्तुलाचा वरचा भाग, त्याला स्लाइड म्हणतात, तो खालच्या सांगाड्यावर दोन बारीक खाचांमधून मागं-पुढं सरकतो. त्या खाचांत एकेक थेंब. बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, बाहेरून एक पुसट हात. बस्स. नळीच्या आत तेल फक्त ठेवणीत ठेवताना; कुणाच्या हाती द्यायच्या आधी ती कोरडी करायची. मॅगझिनला आणि काडतुसांना तर तेलाचं बोटही लावायचं नाही. समुद्राकाठच्या पोलिसांना गंजाची भीती, तिथं तेल जरा सढळ चालत असेल. आपल्याकडं भीती धुळीची. भूमकडं उन्हाळ्यात अर्धा दिवस जीप फिरली की भुवया पांढऱ्या होतात. ती धूळ कोरड्या लोखंडावरून झटकली जाते, तेलावर मात्र चिकटून बसते. तेल आणि धूळ मिळून चिखल होतो, आणि पिस्तुलातला चिखल माणूस मारतो.

लोक तेलाच्या बाबतीत काय काय करतात याला सुमार नाही. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं सरकारजमा होतात. भूमकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याचं रिव्हॉल्वर असंच आलं. गोल फिरणारा भाग जागचा हलेना. उघडतो तर आत गुळासारखं पिवळं काहीतरी घट्ट झालेलं.

"काय लावलंत मालक हे?"

"करडीचं. घरच्या घाण्याचं हाय, भेसळ न्हाय बरं का."

"अहो, हे फोडणीला असतंय."

"मग बंदुकीला वंगाळ द्यावं व्हय?"

दुसऱ्या एका शिपायानं खोबरेल लावलं होतं. डिसेंबरातल्या पहाटेच्या परेडला ते गोठलं आणि साहेबांसमोर त्याची स्लाइड मागं गेली ती तिकडंच राहिली. असे किस्से मी चहाच्या टपरीवर पुष्कळ सांगितले आहेत. सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "पण कदम जमादाराच्या हातचं हत्यार कधी अडकलं न्हाय बरं." ते ऐकायला मी ते किस्से सांगायचो, हे आता कळतं.

सोनकांबळे साहेब आमच्याकडं फौजदार म्हणून आले तेव्हा पस्तिशीच्या आत-बाहेर असतील. लोहाऱ्याचे. वडील शाळेत शिपाई होते, छप्पन सालानंतर धम्मात आलेलं घर. माणूस कमी बोलायचा. हत्याराच्या बाबतीत मात्र मी पाहिलेल्या अधिकाऱ्यांत सगळ्यात काटेकोर. बाकीचे पिस्तूल माझ्या टेबलावर टाकून चहाला जायचे. हे समोर बसून बघायचे. "जमादार, ती स्प्रिंग उलटी बसवली तर काय होतं?" असं विचारायचे. मला ते आवडायचं, आणि थोडं खुपायचंही. दोन्ही एकदम होतं, ते आता लपवण्यात अर्थ नाही.

दसऱ्याला शस्त्रपूजा असते. शस्त्रागारात सतरंजी अंथरून सगळी हत्यारं ओळीनं मांडायची, झेंडूची फुलं, हळद-कुंकू, नारळ. मोठे साहेब येतात, फोटो निघतो. त्या फोटोसाठी आदल्या दिवशी हत्यारांना सढळ तेल द्यायची रीत होती. तेलानं लोखंड चमकतं. डोळ्याला तेल दिसू नये म्हणणारा मी, वर्षातून एकदा हात मोकळा सोडायचो. दुसऱ्या दिवशी सगळी हत्यारं उघडून, पुसून, कोरडी करायची असा माझा नेम होता. वीस वर्षं पाळला होता.

त्या वर्षी आदल्या दुपारी सोनकांबळे साहेब पिस्तूल घेऊन आले.

"जमादार, एक विनंती हाय. माझं पूजेत मांडू नका."

तिथं आणखी दोघं-तिघं शिपाई नळ्या पुसत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"का हो साहेब?"

"आमच्या घरी ते न्हाय. तुम्ही करा, माझं काही म्हणणं न्हाय. आणि दुसरं म्हणजे कुंकू आत जातं. धुळीपेक्षा बारीक असतंय. ओल्या तेलावर बसलं तर लेप होईल. तुम्हाला मी काय सांगावं."

एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. ते गेल्यावर एकजण म्हणाला, "साहेबाला देवी चावती का काय!" दुसरा हसला. मी हसलो नाही, पण त्यांना गप्पही केलं नाही.

मला राग आला होता. मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आलो की राग माझ्या कामात मला शिकवल्याचा होता. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून तो जास्त होता. पण तेवढंच नव्हतं. हेच वाक्य एखाद्या देशमुख साहेबानं सांगितलं असतं तर मी "हो साहेब" म्हणून पिस्तूल कपाटात ठेवलं असतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दसऱ्याला सकाळी मी त्यांचं पिस्तूल ओळीत मांडलं. मधोमध. कुणी विचारलं असतं तर ओळीत खड्डा दिसतो असं सांगणार होतो. कुणी विचारलं नाही. बाकीच्यांना करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू लावलं, त्याला अंगठ्यानं लावलं, स्लाइडच्या सांध्यावर, चांगलं दाबून. तेल ओलं होतं. कुंकू लावताक्षणी त्यात विरघळल्यासारखं आत ओढलं गेलं. मी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळंच धांदलीचं होतं. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ते भरतात. त्यासाठी चारी बाजूंच्या रस्त्यांवर बंदोबस्त लागला. पहाटे साडेपाचपासून हत्यारं न्यायला रांग. पूजेनंतर उघडून पुसायचा नेम त्या वर्षी रात्रीत निम्म्या हत्यारांपुरताच झाला होता. सोनकांबळ्यांचं राहिलेल्या निम्म्यात होतं. मी ते वरून फडक्यानं लख्ख पुसलं. कुठं लाल दिसत नव्हतं.

त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, रिकामं आहे याची खात्री केली, स्लाइड दोनदा ओढली. मग तिसऱ्यांदा हळू ओढून पाहिली.

"जड लागतंय. उघडून साफ केलंत ना, जमादार?"

मागं आठजण उभे होते.

"व्हय साहेब. तेल नवीन हाय, म्हणून लागतंय तसं. चालल्यावर सैल होईल."

त्यांनी वहीत सही केली आणि गेले.

पुढं चौकशीत एक मुद्दा आला की बंदोबस्तात रोज हत्यार पुसायची जबाबदारी ज्याच्याकडं ते आहे त्याची असते. नियम तसा आहे. पण तीन दिवस त्या माणसाला पाठ टेकायला मिळाली नव्हती, रस्त्याकडेला उभा राहून तो भाकरी खात होता, आणि त्याला मी सांगितलं होतं की उघडून साफ केलंय. माझ्या शब्दावर तो निर्धास्त होता.

बंदोबस्ताच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास जळकोटच्या अलीकडं हमरस्त्यावर ते आणि त्यांचे चालक ढगे जीपमधून चालले होते. ढगे चाळिशीचे, हसरा माणूस. माझ्याकडून जुन्या चिंध्यांची गठुडी मागून न्यायचे, गाडी पुसायला. रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा, आणि चारजण त्याच्या टाकीतून डिझेल काढताहेत असं त्यांना दिसलं. ढगे जीप आडवी घालून आधी उतरले. चौघांतल्या एकाच्या हातात टॉमी होती, चाकाचे नट खोलायची लोखंडी कांब. पहिला फटका ढग्यांच्या खांद्यावर बसला. सोनकांबळ्यांनी पिस्तूल काढलं, स्लाइड ओढून सोडली, ओरडून इशारा दिला आणि ट्रिगर दाबला. काही झालं नाही. परत ओढली, परत दाबला. दुसरा फटका ढग्यांच्या डोक्यात बसला. मग पिस्तूल तसंच मुठीत धरून साहेब त्या माणसावर धावले. चौघंही शेतातून पळाले. ढगे सोलापूरला पोचायच्या आत गेले.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. स्लाइड पुढं येताना शेवटपर्यंत येऊन बसली पाहिजे. ज्वारीच्या दाण्याएवढी फट राहिली तरी ट्रिगर दाबून उपयोग होत नाही. ती सोयच केलेली असते, गोळी अर्धवट बसलेली असताना उडून चालवणाऱ्याच्याच हातात फुटू नये म्हणून. आवाज होत नाही, धूर होत नाही. लांबून पाहणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला दिसलं ते एवढंच, की फौजदार पिस्तूल रोखून उभा राहिला आणि त्यानं गोळी झाडली नाही. त्यानं जबाबात तसंच सांगितलं. तो खोटं बोलला नाही.

दुपारी सोनकांबळे साहेब शस्त्रागारात आले. शर्टावर ढग्यांचं रक्त वाळलेलं होतं. गोळ्या त्यांनी काढून घेतल्या होत्या. पिस्तूल एका पिशवीत घालून माझ्यापुढं ठेवलं.

"हे अडकलं, जमादार. उघडू नका. तपासणीला उद्या येणार हायेत. असंच राहू द्या."

"बरं साहेब."

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं असतं तर कदाचित मी उघडलं नसतं. त्यांनी पाहिलं ते, डॉक्टरच्या हाती पेशंट सोपवून माणूस बाहेर बाकड्यावर बसतो ना, तसं.

ते गेल्यावर मी कडी लावली आणि पिस्तूल उघडलं. दोन्ही खाचा लाल चिखलानं भरल्या होत्या. कुंकू, तेल, तीन दिवसांची रस्त्याची धूळ. बोटावर घेतलं तर विटेच्या भुकटीसारखं खरखरत होतं. मी रॉकेलात ब्रश बुडवला. दहा मिनिटांचं काम. खाचा धुतल्या, पुसल्या, एकेक थेंब तेल दिलं, बोटाला कळेल एवढं, डोळ्याला दिसणार नाही एवढं. माझ्या सबंध नोकरीत इतकं नीट तेल मी कुठल्या हत्याराला दिलं नसेल. रॉकेलाचं लाल पाणी मोरीत ओतलं आणि वर दोन बादल्या पाणी टाकलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीत त्या पिस्तुलातून पाच गोळ्या झाडल्या. पाचही सुटल्या. कागदावर आलं: पिस्तूल सुस्थितीत आढळले. माझा जबाब झाला. हत्यार उघडून, साफ करून दिलं होतं. परत आलं तेव्हा त्यात दोष नव्हता. खाली सही केली.

पिस्तूल सुस्थितीत असेल तर मग एकच अर्थ उरतो. ट्रिगर दाबलाच नाही. माणूस घाबरला. जोडीदार समोर मार खात होता आणि हा घाबरला. कागदावर शब्द वेगळे होते, 'कर्तव्यात कसूर' वगैरे, पण सगळ्यांनी वाचलं ते हेच. ढग्यांची बायको अंत्यविधीच्या दिवशी सोनकांबळे साहेबांच्या तोंडावर म्हणाली, "दोन बोटं हलवायची होती, साहेब. तेवढी हलली न्हाईत तुमची?" ते मान खाली घालून उभे राहिले. मी त्यांच्यामागं चार पावलांवर होतो.

शस्त्रागारात बोलणं वेगळंच चाललेलं. "पूजा नको म्हणला होता न्हवं? देवीनं दावलं." एकानं मला विचारलं, "व्हय का न्हाय जमादार?" मी मान हलवली. होकारार्थी हलवली. पिस्तूल पूजेत होतं, मधोमध होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकानं पाहिलेलं होतं. पण कुणाला ते आठवलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही. अडकवलं ते माझ्या अंगठ्यानं लावलेल्या कुंकवानं. दोष लागला देवीला आणि त्यांना.

त्यांना त्यानंतर बाहेरचं काम मिळालं नाही. फोन घ्यायच्या खोलीत बसवलं. पोरं त्यांच्या दारावरून जाताना बोटानं ट्रिगर दाबल्यासारखं करायची. वर्षभरात दूर बदली झाली. काही वर्षांनी मुदतीआधी नोकरी सोडून ते लोहाऱ्याला परत आले, असं कानावर आलं. मी माझी नोकरी पुरी केली. निरोपसमारंभात बोलणाऱ्या तिघांनीही तेच वाक्य म्हटलं, कदम जमादाराच्या हातचं हत्यार कधी अडकलं नाही. शाल घेताना मी कुणाकडं बघितलं नाही. लोकांना वाटलं भरून आलं.

निवृत्तीनंतर दोनदा मी लोहाऱ्याच्या एसटीत बसलो आणि दोन्हीदा मधल्याच थांब्यावर उतरून परत आलो. तिसऱ्या वेळी, गेल्या वर्षीच्या आधीच्या हिवाळ्यात, पोचलो. तहसीलच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. पार वाळलेले. मला ओळखून उठायला गेले.

"अरे, कदम जमादार! या, या. अगं, चहा टाक. आपले आर्मोरर आलेत."

आपले म्हणाले. मुलगी शाळेत शिक्षिका, तिनं पाणी आणलं, तिला म्हणाले, "ह्यांच्यासारखा हात मी दुसरा बघितला न्हाय, बाई. हत्यार कसं ठेवावं ते ह्यांच्याकडून शिकलो."

मी पाणी प्यालो. चहा प्यालो. ज्वारी कशी आहे, मुलं कुठं आहेत, सगळं बोलून झालं. मुलगी आत गेल्यावर ते जरा पुढं वाकले.

"जमादार, एक विचारू का? आता काय राहिलंय, म्हणून विचारतो. त्या दिवशी तपासणीच्या आधी तुम्ही ते बघितलं असणारच. आत काय दिसलं तुम्हाला?"

मी तेवढ्यासाठीच आलो होतो. वाक्य तयार होतं, तीन तासांच्या प्रवासात घोकलेलं. त्यांनी दार उघडून दिलं होतं.

"काही न्हाय साहेब," मी म्हणालो. "साफ होतं."

ते मागं टेकले. रागावले नाहीत. बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघत राहिले.

"मग मीच दाबला नसंल," म्हणाले. "लई वर्षं मला पक्कं आठवायचं की दाबला. दोनदा. बोटाला अजून कळतं असं वाटायचं. पण तुम्ही म्हणता साफ होतं, तर तुमच्या हातचं अडकायचं न्हाय. भीतीनं माणसाला असं वाटत असंल, दाबला म्हणून." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, हसले. "जाऊ द्या. तुम्ही एवढ्या लांब आलात. सगळे तोंडावर बोलले, तुम्ही कधी बोलला न्हाईत. ते ध्यानात हाय माझ्या."

तिथून मी कसा निघालो ते मला नीट आठवत नाही. परतीच्या एसटीत मी पुढच्या महिन्यात परत यायचं ठरवलं. पुढच्या महिन्यात गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. साहेब गेले होते. वहीत नंबर होता म्हणून केला, म्हणाली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो. वंदना झाली. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. त्यांची मुलगी माझ्यापाशी आली. "काका, तुम्ही सोबत नोकरी केली. बोला की." माईक हातात दिला. समोर शंभरेक माणसं, त्यांचा भाऊ, दोन नातवंडं. मी म्हणालो, साहेब शिस्तीचे होते. आणखी एक-दोन वाक्यं बोललो असेन. खाली बसलो. भावानं हात जोडले.

बोलायचं होतं ते एवढंच होतं:

साहेब, तुम्ही ट्रिगर दाबला होता. दोनदा दाबला होता. पिस्तूल अडकलं होतं, तुम्ही नको म्हणत असताना मी लावलेल्या कुंकवानं. आणि ते मी धुऊन टाकलं. तुम्ही घाबरला नव्हता. मी घाबरलो. मला माफ करा.